श्वासाच्या पारड्यावर बोट

ती. वन्संना,

गुडघे वाकतील तितका वाकून नमस्कार. (हल्ली ते फारसे वाकत नाहीत, तेव्हा उरलेला नमस्कार मनाने पूर्ण करून घ्यावा.) आपली तोळामासा प्रकृती कशी आहे? आपल्या खुर्चीची कशी आहे? दोन वर्षं अखंड बसून घेतल्यावर आधी खुर्च्या खचतात असं ऐकते. आपल्या सूनबाई आपलं नीट करत असतीलच. तक्रार करायला त्यांना आपल्यासमोर तोंड उघडावं लागेल, आणि तेवढं धाडस त्या घरात अजून कुणी केलेलं नाही. इकडे मी बरी आहे. किती बरी आहे, याचा आता माझ्याकडे छापील पुरावा आहे, आठ पानी, आलेखांसकट.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला टपालाने पत्र कशाला, असं आपण म्हणाल. फोनवर आपण मला तिसऱ्या वाक्याला तोडता आणि हा मजकूर तीन वाक्यांत मावणारा नाही. शिवाय गेले पाच महिने आपण दोघींनी एकमेकींना फोन केलेला नाही. तो का, हे आपण विसरला असाल (गैरसोयीचं विसरण्यात आपला हात धरणारं कुणी नाही), म्हणून आधी तेच लिहिते. त्या दिवशी मी भरलेल्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले, म्हणजे चोपन्न पायऱ्या, चढून आले आणि दाराचं कुलूप काढते तोच आपला फोन वाजला. मी तो घेतला, हीच चूक. माझ्या तोंडून शब्द फुटेना, नुसतं हुश्श हुश्श चाललं होतं. दोन मिनिटं थांबला असतात तर आपल्या सगळ्या चौकशांना मी सविस्तर उत्तरं दिली असती. पण आपण फोन ठेवलात आणि थेट माझ्या चिरंजीवांना लावून सांगितलंत की वहिनीला घरघर लागली आहे. वन्सं, घरघर हा शब्द माणसाच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवलेला असतो. तो आपण माझ्या पिशव्यांवर खर्च केलात.

तासाभरात माझे चिरंजीव आणि माझ्या सूनबाई हजर. मुलगा आईचा हात धरून बसला आणि सून कपाटाची रुंदी मोजू लागली, ते त्यांच्याकडच्या मागच्या खोलीत मावेल का म्हणून. (त्यांची टेप मी तपासली. पहिला सेंटिमीटर झिजलेला होता. असल्या मापाने माणसाचं घर हलवायला निघाले होते.) ती मागची खोली आपण पाहिलेली नाही. तळमजल्यावर आहे, पायऱ्या नाहीत, खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत आहे. माणसं प्रेमळ आहेत, म्हणूनच मला भीती वाटते. तिथे मी उठले की कुणीतरी म्हणणार, तुम्ही बसा. प्रेमाने बसवलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे मी आपल्याला काय सांगावं. माझ्या तीन मजल्यांवर मी पडले तरी मीच उठते. आपले बंधू गेल्यावर सहा वर्षं ते घर मी एकटीने चालवलं आहे, आणि ते सोडायचं तर कुणाच्या तरी कानावर पडलेल्या हुश्श हुश्शवरून सोडणार नाही.

मी चिरंजीवांना स्पष्ट सांगितलं की चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नुसत्या ऐकीव तक्रारीवरून मी कुठल्याही दुकानाचा काटा जप्त केला नाही. आधी तपासणी, मग निकाल. माझाही काटा तपासा. यंत्राने मला नापास केलं तर मी माझ्या पायांनी खाली उतरून तुमच्या मागच्या खोलीत येते. मुलगा बापासारखा सरळ आहे, तो कबूल झाला. सुनेने मात्र टेप पर्समध्येच ठेवली.

तपासणीची तारीख मिळाली ती साडेचार महिन्यांनंतरची. इस्पितळात फुप्फुसांची तपासणी करणारी खोली तळघरात होती. एक सायकल, तिला चाकं नाहीत, समोर एक पडदा, आणि छतापर्यंत नळ्या. ते सगळं चालवणारा गृहस्थ पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, आणि बोलणं इतकं संथ की एका वाक्याला सुरुवात करून दुसऱ्या पेशंटचं नाव लिहून घ्यावं आणि मग पहिलं वाक्य संपवावं. मी मनातल्या मनात त्याचं नाव सावकाशराव ठेवलं. बसण्याआधी मी त्याला विचारलं की हे यंत्र शेवटचं कधी पडताळलं? आजवर हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला ते सगळे एकतर घाम पुसायला लागले किंवा मामेभाऊ मंत्र्याचा ड्रायव्हर असल्याचं सांगायला लागले. सावकाशरावांनी कपाटातून एक पिचकारी काढली. माझ्या हाताएवढी लांब, पोटात बरोबर तीन लिटर हवा मावणारी. ती यंत्राच्या नळीला लावून त्यांनी दांडा आत ढकलला, बाहेर ओढला, एकदा हळू, एकदा जोरात, आणि पडद्यावर प्रत्येक वेळी तीन लिटर उमटले. रोज सकाळी पहिल्या माणसाच्या आधी हे करतो, म्हणाले. वन्सं, मी जागच्या जागी उभी राहिले. नोकरीत असते तर त्या खोलीच्या दारावर माझ्या हाताने शिक्का मारला असता.

मग त्यांनी नाकातोंडावर मुखवटा बांधला, बोटाला चिमटा लावला, छातीला तारा डकवल्या. पडद्यावर माझा श्वास दिसू लागला, मिनिटाला सात लिटर. आपण म्हणाल यात काय आहे. मलाही तसंच वाटलं. पण सावकाशराव नुसते म्हणाले की आता थोड्या वेळाने सुरू करू, आणि आकडा दहावर गेला. मी काहीही केलेलं नव्हतं. बोटसुद्धा हलवलं नव्हतं. काम येणार आहे ही नुसती वर्दी आत लागली आणि कुणीतरी उठून कंबर कसायला लागलं. नंतर त्यांनी मोटर लावून पायडल आपोआप फिरवलं. मी नुसते पाय ठेवून, देवळाबाहेरच्या चपलांसारखे, परक्याच्या भरवशावर. तरी आकडा पुन्हा वर. सावकाशरावांनी समजावलं की गुडघे आणि घोटे हलले की तिथून मेंदूला कळवलं जातं. पाय खरंच राबताहेत की फुकट फिरताहेत याची खातरजमा होईपर्यंत श्वास थांबत नाही, आधी पुढे होतो. आमच्या खात्यात एका फायलीला तीन टेबलं ओलांडायला पंधरा दिवस लागत. इथे पहिल्याच श्वासाला अंमलबजावणी.

यानंतर पायडलवर खरा जोर सुरू झाला, आणि आता जे लिहिते ते मी चिरंजीवांनाही सांगितलेलं नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कवायतीच्या सिस्टर होत्या, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाच्या. त्या आम्हाला रोज चार मजले रांगेने चढवत. चार पायऱ्यांना श्वास आत, चार पायऱ्यांना बाहेर, ओठ मिटलेले, आणि शेजारच्या मुलीला तुमच्या श्वासाचा आवाज आला तर पुन्हा तळापासून. धापा टाकणं म्हणजे बाहीने नाक पुसण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं. मी त्या शाळेतून इंग्रजी व्याकरण, शिवणाचे सहा टाके आणि हे ओठ मिटणं एवढं घेऊन बाहेर पडले. तेव्हा समोर परका पुरुष, पडद्यावर आकडे, आणि निकालावर माझं घर. मी काय केलं असेल? ओठ मिटले, पाठ ताठ केली आणि मनात मोजायला लागले. एक दोन तीन चार आत, एक दोन तीन चार बाहेर. पायडल जड होत गेलं, मी मोजत गेले. पडद्यावर माझा श्वास कसा शिस्तीत चालला होता, बघायला सिस्टर हव्या होत्या. मला वाटलं, पास. कपाट हलत नाही.

मग सावकाशरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पडद्यावर दुसरी एक रेघ होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. बाहेर टाकायच्या वायूची रेघ. ती म्हणे चाळिशीच्या आसपास स्थिर असायला हवी. माझी पंचेचाळिसावर गेली होती आणि चढत होती. त्यांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले, "बाई, तराजूवर बोट ठेवू नका."

चौतीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, वन्सं. पारड्याखाली लोहचुंबक लावणारे, वजनाच्या तळातलं शिसं खरवडून काढणारे, ग्राहक छताकडे बघेल तेवढ्यात करंगळी टेकवणारे. मापात पाप करणाऱ्यांची एकूण एक जात मी ओळखते, आणि मला कधी वाटलं नव्हतं की त्या यादीत माझं नाव लागेल, तेही नाकाला मुखवटा बांधलेल्या अवस्थेत. मी मानेनेच नाही म्हटलं. ते सगळेही नाहीच म्हणायचे. मी पुन्हा एक दोन तीन म्हणायला लागले, रेघ पन्नासला लागली, आणि चार म्हणायच्या आत माझं राज्य गेलं.

कसं सांगू? कुणी दार ढकलून आत यावं आणि आपल्या हातातली किल्ली न विचारता काढून घ्यावी, तसं झालं. ओठ माझ्या परवानगीशिवाय उघडले. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. त्या मुखवट्यात असा आवाज घुमला की बाहेरच्या बाकावरचे खोकणारेसुद्धा गप्प झाले असावेत. मी थांबवायचा प्रयत्न केला. ज्या बाईच्या एका नजरेने बाजारपेठेतले काटे सरळ व्हायचे, तिचं तिची स्वतःची छाती ऐकेना. लाज वाटली, संताप आला, आणि त्या दोन्हींच्या खालून एक फार जुनं सुख वर आलं. पोटभर हवा मिळण्याचं. साठ वर्षांत मी एकदाही मनसोक्त धापा टाकल्या नव्हत्या, हे मला त्या तळघरात कळलं.

ती फेरी बाद झाली. सावकाशरावांनी मला अर्धा तास बसवलं, पाणी दिलं, आणि मी विचारत गेले तसं सांगत गेले. मला आजवर वाटायचं की प्राणवायू कमी पडला की धाप लागते. बोटाचा चिमटा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सत्त्याण्णवच दाखवत होता. (माझ्या वर्गात इतके मार्क कुणालाच नव्हते, मलासुद्धा.) तिथे मुख्य पहारा असतो तो बाहेर टाकायच्या वायूवर. मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथे, एक चौकी आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे दोन पहारेकरी आहेत, ते वाहतं रक्त चाखत बसतात, जन्मापासून, एकही रजा न घेता. आणि मेंदू पायांना चालायचा हुकूम काढतो तेव्हा त्याच क्षणी त्याची एक प्रत श्वासाकडे धाडतो, म्हणूनच पायांतून रक्त परत येण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. मी विचारलं, मग किती वाढवायचा हे नेमकं कोण ठरवतं? वाढ कामाच्या मापाला इतकी तंतोतंत कशी बसते? सावकाशरावांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि वही पुढे ओढली. मला वाटलं वाक्य अर्धवट सोडून पुन्हा कुणाचं नाव लिहायला गेले. मग म्हणाले, "ते पूर्ण कुणालाच कळलेलं नाही, बाई. मोठमोठे लोक अजून भांडताहेत."

वन्सं, मला कुणी इतकं प्रामाणिक उत्तर दिल्याला किती वर्षं झाली!

दुसऱ्या फेरीला मी बोट काढून घेतलं. मोजलं नाही, ओठ मिटले नाहीत, नुसती पायडल मारत पडद्याकडे बघत बसले. काम दुप्पट झालं, श्वास दुप्पट. काम तिप्पट, श्वास तिप्पट, वीस लिटर, पंचवीस लिटर, आणि ती दुसरी रेघ चाळिशीच्या आसपास शांत, क्वचित एखादं घर इकडेतिकडे. मी सोनारांचे काटे तपासले आहेत, काचेच्या पेटीतले, फुंकर मारली तर हलणारे. पण त्यांना स्थिर टेबल लागतं, वारा चालत नाही, आणि वर्षाला एकदा माझ्यासारखी बाई येऊन पडताळणी करावी लागते. हा काटा अडुसष्ट वर्षं चालत्या, चढत्या, संतापत्या टेबलावर ठेवलेला आहे. मी झोपले तेव्हा चालू, बाळंत झाले तेव्हा चालू, आपले बंधू गेले त्या दिवशी मी श्वास घ्यायचं विसरले होते, तेव्हासुद्धा त्याने मला विचारलं नाही आणि काम सोडलं नाही. आणि मी? मी त्याला धाप म्हणून हिणवत आले, जिन्यात कुणी भेटलं तर त्याचा गळा दाबत आले. मुखवट्याच्या वर माझे डोळे भरून आले. (सावकाशरावांनी पाहिलं, आणि उगाचच नळ्या तपासायला पाठ फिरवली. भला माणूस.)

शेवटी एक टप्पा आला, तिथून श्वास कामाच्याही पुढे धावायला लागला. अठ्ठेचाळीस लिटर. पायांत आम्ल साठायला लागलं की असं होतं म्हणे, ते निस्तरायला जादा श्वास लागतो, आणि तिथपासून माणसाला बोलता येत नाही. पाय थांबले मात्र, पहिल्याच श्वासाला आकडा धाडकन खाली आला, आणि उरलेला हळूहळू, आवरासावर करून दिवे मालवत जावं तसा.

इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी ती आठ पानं पाहिली. फुप्फुसं ठणठणीत, हृदय ठणठणीत. म्हणाल्या, तुम्हाला आजार नाही, तुम्हाला सवय नाही. निवृत्त झाल्यापासून पाय बसून आहेत, म्हणून तो टप्पा फार लवकर येतो. (मला! गोदामांच्या शिड्या चढून गेलेल्या बाईला!) तीन महिने रोज चाला, मग पुन्हा तपासू, टप्पा पुढे सरकायला हवा. चिरंजीवांनी तीन महिन्यांची मुदत मान्य केली. त्यानंतर टप्पा होता तिथेच असला, तर कपाट हलणार.

आता आपल्याबद्दल. आपलं म्हणणं मला पाठ आहे, की जन्माला येताना श्वास मोजून मिळतात, धावपळ केली की भराभर संपतात, म्हणून खुर्चीत बसून जपून वापरावेत. मी ते डॉक्टरीणबाईंना विचारलं. आपलं नाव सांगितलं नाही, एक हुशार पण हट्टी वयस्कर बाई म्हणाले. त्या म्हणाल्या की हिशेब उलटा आहे. जो रोज चालतो त्याला तेवढ्याच कामाला पुढे कमी श्वास लागतो. बसून राहणाऱ्याला खुर्चीपासून मोरीपर्यंत जायलाही जास्त लागतो. वन्सं, दोन वर्षं आपण ज्याची बचत समजून बसलात ती उधळपट्टी आहे, आणि हे मी चौतीस वर्षांच्या सेवेच्या जोरावर लिहून देते.

कळावे. लोभ असावाच असा आग्रह नाही, पण पत्र शेवटपर्यंत वाचावे.

आपली,
वहिनी

ता.क. वर मी चोपन्न पायऱ्या चढून आले असं लिहिलं आहे. ते एका दमात नव्हे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पिशवीतलं वर्तमानपत्र अंथरून बसते. हे कुणालाही माहीत नाही आणि होऊ नये.

आणखी ता.क. डॉक्टरीणबाईंनी चालण्याचा वेग असा सांगितला आहे की बोलता यावं पण गाता येऊ नये. मी आठवडाभर एकटीच चालले. समोरून कुणी आलं की माझे ओठ आपोआप मिटतात, आणि चार पावलांचं मोजणं सुरू होतं. म्हणजे पुन्हा तराजूवर बोट. बोलत राहिले तरच ते बोट निघतं. म्हणून मी मोठ्याने स्वतःशी बोलत चालले. परवा ते आमच्या रखवालदाराने पाहिलं आणि चिरंजीवांना कळवलं. आता ते मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेत आहेत. तेव्हा मला सोबत बोलायला माणूस हवं आहे. ज्याच्याशी चाळीस मिनिटं सलग वाद घालता येईल असं या गावात मला एकच माणूस माहीत आहे.

शेवटचा ता.क. सोमवारी सकाळी साडेसहाला मी आपल्या फाटकाशी येईन. आपण फक्त फाटकापर्यंत या, पहिल्या दिवशी तेवढंच. धाप लागेल. लागू द्या, मी कुणालाही फोन करणार नाही. मी जिने उतरून दोन गल्ल्या भराभर चालत आलेली असेन, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मला बोलता येणार नाही. तो अबोला समजू नका.